फेरीला तिकीट नाही

रायबंदरच्या धक्क्यावर लुबोश खिसे चाचपतो,
सवयीने.
तिकीट कुठलं, मी सांगते. चालत येणाऱ्याला
ही नदी फुकट.
त्याचा विश्वास बसत नाही.
सालामांकाच्या बस स्टँडवर आम्ही चौघांनी
एकशे बारा युरो मोजले होते नव्या तिकिटांचे,
अकरा मिनिटं उशीर झाला म्हणून.

त्या अकरा मिनिटांचा दोष अजून कुणी घेतलेला नाही.
मारेत म्हणते, यशोधनचा; त्याला
शेवटची कॉफी हवी होती.
यशोधन म्हणतो, माझा;
मी पुलावर पाणी बघत उभी होते.
होते, खरंय.
एवढा लांब पूल, खाली एवढी नदी,
आणि कशाचाच वास नाही,
ना चिखलाचा, ना सुकणाऱ्या जाळ्यांचा.
मला वाटलं, माझंच नाक बंद झालंय.

मग ती रात्र.
बंद खिडकीखाली चार पाठपिशव्या,
सार्डिनचा एक डबा, आणि तो उघडायला काही नाही.
यशोधनने इचलकरंजीहून आणलेलं नेलकटर काढलं.
अर्धा तास लागला.
तेलात बोटं बुडवून खाताना मी म्हटलं,
आमच्याकडे ह्याला तारले म्हणतात,
आई ह्याचं हुमण करते, त्यात घालते
तिरफळं.
पुढे सांगता येईना. तिरफळाला
माझ्याकडे इंग्रजी नव्हतं.
डोळे पुसले, थंडीचं निमित्त सांगितलं.
मारेतने आपला एक मोजा काढून दिला. एकच.
दुसरा तिला लागत होता.

निघताना पप्पा म्हणाले होते,
साडेचारशे वर्षं ते आपल्याकडे राहिले,
तू साडेचार महिने रहा.
भाडं मागितलं तर माझं नाव सांग.
पोर्तूच्या घरमालकिणीने मागितलं, अर्थात,
दोन महिन्यांचं आगाऊ.
मग माझ्या तळहातावर किल्ली ठेवून म्हणाली, शाव्ह,
आणि मला चावी ऐकू आली.
चावी, मेज, पाव, बटाटा.
एवढ्या शिदोरीवर निभावलं सगळं.
भूक लागली तर पुरते.
भांडण झालं की कमी पडते.

फेरी सुटते. साखळी खडखडते.
पुढच्या स्कूटरवर बांगड्यांची टोपली, वर ओला टॉवेल.
लुबोश पलीकडच्या बांधाकडे बोट दाखवतो:
ती लाकडी दारं कसली?
मानस, मी म्हणते. आणि गप्प होते.
जन्मल्यापासून बघतेय.
कोण उघडतं, कधी, का,
कधी विचारलंच नाही कुणाला.
ल्योंच्या पाणघड्याळाची माहिती
मी पैसे देऊन हेडफोनवर ऐकली होती.

स्कूटरवाल्याला विचारते.
तो म्हणतो, उघडायला कोण कशाला लागतो, बाय?
भरती आली की दार आपसूक मिटतं,
ओहोटीला आपसूक उघडतं.
खारं पाणी शेतात शिरत नाही.
मी ते लुबोशला इंग्रजीत सांगते,
अगदी पहिल्यापासून ठाऊक असल्यासारखं.
चौदा शहरं बघून आले.
काणकोण अजून बघायचंय.

ग्रुपवर फोटो टाकते: फेरी, नदी, लुबोशचं उन्हाने लाल नाक.
मारेत हल्ली बघते, लिहीत नाही.
यशोधनचं लगेच येतं:
माझं नेलकटर तुझ्याकडे आहे.
आहे. पाठपिशवीच्या आतल्या कप्प्यात,
दोनदा साबणाने धुतलंय,
तरी.

पाच मिनिटांत चोडण.
चुकली असती तर? लुबोश विचारतो.
दुसरी येते.
आणि ती चुकली?
बसायचं.
फळी काँक्रीटला टेकते, सगळ्या स्कूटर एकदम
खोकत सुटतात. आम्ही शेवटी उतरतो.
ओहोटी आहे. खारफुटीखालचा चिखल उघडा पडलाय.
लुबोश नाक मुरडतो.
हे काय?
नदी, मी म्हणते.