न निघालेल्या धुराचं वजन

बालाकाच्या पुढं, रूळ गवतात बुडतात तिथून
सायकलनं चाळीस मिनिटं.
पिशवीत ताणकाटा, लाकडाची ओल मोजायचं यंत्र
आणि अठ्ठावीस प्रश्न.
यादीप्रमाणे घरोघरी मातीची चूल आहे,
प्रत्येकीच्या कुशीवर ठसा: आकडा, वर्ष, गावाचं अक्षर.
माझं काम एवढंच,
ती पेटते का ते बघायचं.

पहिल्या घरी चुलीत कोंबडी बसली होती, अंड्यांवर.
घरधनीण लाजली. कोंबडी नाही.
मी लिहिलं, वापरात.
मग खोडलं.
मग पेन दातात धरून बसले,
कारण उबवण्याचा रकाना नव्हता.

आकडा चारशे सतरा, एनेलेसी नामालोंबा.
तिनं मोळी आधीच अंगणात आणून ठेवलेली,
सालीच्या दोरीनं आवळलेली,
मासुकूच्या फांद्या, बऱ्याचशा तुराट्या.
हूक दोरीत अडकवला, दोघींनी उचलली,
काटा थरथरला, चौदावर थांबला.
"आणि पूर्वी किती लागायचं?"
"पूर्वी मोजत नव्हते," ती म्हणाली,
"पूर्वी नुसती वाहत होते."

प्रश्न अकरा: जुने तीन दगड अजून आहेत का?
ती काही न बोलता घरामागं चालू लागली.
होते. राखेत हात घातला, कोमट.
"घेवडा शिजायला तीन तास लागतात, पोरी.
आणि मर्तिकाला पन्नास माणसांची न्सिमा
तू त्या कुंडीवर घोटून दाखव."
डावा दगड तिच्या आईनं
शिरे नदीच्या पात्रातून डोक्यावर आणलेला,
पोटात एनेलेसी असताना.
हे तिनं मला लिहून घ्यायला लावलं.

मग तिनं मलाच प्रश्न विचारला.
मी धुळीत काडीनं हिशेब मांडला:
आधी जळायचं ते लाकूड, वजा आता जळतं ते,
गुणिले आठवडे, गुणिले घरं.
जो धूर निघालाच नाही त्याचे टन होतात,
ते टन लांबची एक विमान कंपनी विकत घेते,
त्यातून चुली येतात. माझी सायकलही.
ती हसली, हसता हसता खोकली,
खोकला थांबेपर्यंत मी धुळीकडं बघत राहिले.
"म्हणजे निघालेला माझ्या छातीत,
न निघालेला त्यांच्या वहीत?
कितीला गेला?"

मला माझ्या पगाराचा आकडा ठाऊक आहे.
त्याच्या वरचा कुणी सांगितलेला नाही.

तीन वर्षांपूर्वी तिनं अंगठा दिला होता,
धुरावरचा हक्क सोडते म्हणून.
तो कागद मी ऑफिसात पाहिलाय.
शाईच्या अंगठ्याशेजारी काजळीचा दुसरा,
कागद धरताना उमटलेला.
डाग पडला म्हणून साहेबांनी
नवा छापून पुन्हा घ्यायला सांगितला.

चुलीला तडा गेलाय. सायकलची तार गुंडाळलीय भोवती.
तिच्यावर पाणी ठेवत ती सांगत होती,
आता डोंगरावर आठवड्यातून एकदाच जाते,
मंगळवारची फेरी वाचते.
"मग मंगळवारी काय करता?"
"झोपते."
इकडंतिकडं बघून, कुणी ऐकेल अशा बेतानं
हळूच म्हणाली, "दुपारीसुद्धा."

अठ्ठावीस प्रश्न उलटेपालटे केले,
ती झोप कशातच बसेना.
समासात लिहिली, बारीक अक्षरात.
अकराव्या प्रश्नापुढं लिहिलं, हो, दोन्ही.
यानं तिच्या गावाचे टन कमी होतील,
कदाचित तडा गेलेली चूल बदलून मिळणार नाही.
खोडावं का, असं वाटलं.
सकाळपासून एकदा खोडून झालं होतं.

निघताना नात आडवी आली, फालेसी,
मलाही तोला म्हणून.
हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळली,
पाय पोटाशी घेऊन, श्वास रोखून.
सोळा.
मोळीपेक्षा दोन किलो जास्त.
एनेलेसीनं आकडा दोनदा म्हणवून घेतला
आणि कुणाला तरी सांगायला कुंपणाकडं गेली.

मी पॅडलवर पाय ठेवला.
मागं काहीतरी ढणढण पेटल्याचा आवाज आला,
दगडांवरचं की चुलीतलं,
वळून बघितलं नाही.