नात्यात

फॉर्मवर एकच रकाना उरला होता.
डॉक्टरीणबाईंनी पेन टेकवून विचारलं,
"लग्न नात्यात?"
मी म्हटलं, मामाचा मुलगा.
त्यांनी बरोबरची खूण केली.
शाळेत कधी लागली नाही
इतकी ती खूण मला लागली.

हे चादरींच्या कारखान्यात
जॅकार्डची कार्डं छेदतात.
एक भोक चुकलं की मोर
दर हातभर अंतरावर
तोच आंधळा डोळा घेऊन येतो.
रात्री सांगितलं यांना, दोन्हीकडून आलंय म्हणे,
अर्धं तुमच्याकडून, अर्धं माझ्याकडून.
हे बराच वेळ
बोटानं हवेत भोकं मोजत बसले.
आजोबा एकच.
पुठ्ठा एकच.

साखरेचं सहाव्या वर्षी कळलं.
या तापाचं नाव कळायला आणखी तीन वर्षं,
मध्ये एक अपेंडिक्स फुकट गेलं.
टाका दाखवून सहस्रा वर्गात सांगते,
इथून वाघ आत शिरला होता.

ताप तीन दिवस मुक्काम करतो. पोट फळीसारखं.
घास उतरत नाही, तरी साखर चढते,
कशाच्या जोरावर, कुणास ठाऊक.
सुई थांबवायची नाही, एवढं पाठ आहे.
किती द्यायची, हे दर रात्री नवं.

शेजारच्या लक्ष्मक्का म्हणतात,
मे महिन्यात सोलापुरात ताप कुणाला नाही?
भिंतींनासुद्धा आहे.
लाईट गेली की इन्सुलिनची बाटली
माठातल्या माठात, ओल्या वाळूत.
लक्ष्मक्का रोज त्या वाळूवर पाणी शिंपडून जातात,
न बोलता.

हजार विड्या वळून झाल्या
की तीनदा साबण लावते मी.
तरी बोट धरलं की ती नाक मुरडते,
"अम्मा, माझ्या रक्ताला तंबाखूचा वास लागेल."

वहीला तिनंच रेघा मारल्यात.
ताप. साखर. नळ.
पाणी पाचव्या दिवशी येतं,
कधी सहाव्या,
त्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

काल पहाटे तीनला कपाळ भट्टी,
मीटरवर तीनशे अठरा.
डोळे न उघडता विचारलं तिनं,
"नळाचं काय लिहू?"
मी कान दिला.
विडी घरकुलाच्या त्या टोकाला
कुणाची तरी घागर वाजली.
"आला," म्हटलं.
"मग जा की," म्हणाली,
"मी कुठं जाते."