तोंडी लावायला

परवा दुपारी आमचे दोन माग भंगारात गेले.
किलोवर.
लतीफभाईनं काटा लावला तेव्हा हे
काट्याकडं न बघता
भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले,
गेल्या वर्षीच्या.
तेव्हापासून घरात बोलणं नाही.

तसंही ह्यांना कमीच ऐकू येतं.
चाळीस वर्षं कानात खटखट ओतल्यावर
बाकीचं जग मावणार कुठं?
मी हाका मारायचं कधीच सोडलं.
शेडमधला दिवा दोनदा मालवते, लावते,
म्हणजे जेवायला या.

आज नळाला पाणी होतं, चौथ्या दिवसाचं.
घागरी भरून झाल्यावर
मंगळवार बाजाराची पिशवी परातीत उपडी केली :
काटेरी वांगी, दोन दोडके, मूठभर गवार,
आणि एक सुरकुतलेला बटाटा, तो वर घातलेला, फुकटचा.
एकेकट्यानं कुणाचीच भाजी झाली नसती.
थर लावले तर निघेल काहीतरी
भाकरीच्या तोंडी लावायला.

खाली वांगी, वर दोडका, मग गवार,
मधेमधे शेंगांचं कूट, तीळ, ठेचलेला लसूण,
काळं तिखट चिमटीला सुटेल तेवढं.
पाण्याचा फक्त हबका.
मंद आचेवर भाज्या आपापलं पाणी सोडतात,
घाई केली की रुसतात.

पण ह्यांना आवडते ती धुरीची.
आणि गॅसच्या घरात निखारा कुठला?

कोपऱ्यात एक धोटा राहिला होता.
लाकूड नको म्हणून लतीफभाई टाकून गेला.
हाच जाळावा असं मनात आलं,
खोटं कशाला बोलू.
हातात घेतला, नाकाशी नेला.
तेलाचा वास. ह्यांच्या बंडीला येतो तोच,
कितीही सोडा घाला, जात नाही.
भाजी कडू झाली असती.
म्हणून ठेवला परत. दुसरं काही कारण नाही.

कोपऱ्यावर शिवप्पाची इस्त्री.
"माग गेले म्हणं, अक्का?"
"गेले."
तो इस्त्रीचं तोंड उघडून चिमट्यानं शोधत राहिला.
"मोठा घेऊन जा," म्हणाला,
आणि खापरीत फुललेला निखारा ठेवला,
वर राखेची चिमूट, वाटेत विझू नये म्हणून.

कांद्याची एक जाड पाकळी, वाटीसारखी.
ती भाजीच्या मधोमध, तीत निखारा,
निखाऱ्यावर करडईच्या तेलाचे चार थेंब.
चर्र झालं, आणि धूर असा उठला
की झाकण घालेपर्यंत डोळ्यांत पाणी.
धुराचंच.

झाकण पोचलेलं, एका बाजूनं धूर निसटायला लागला.
तिथं ओला टॉवेल गुंडाळला,
काठ उसवलेला, एक्स्पोर्टमधून परत आलेला.
तरी झाकण हलेना-बसेना असं.
वजन म्हणून शेवटी धोटाच ठेवला वर.
लोखंडी टोकांचा, चांगला जड.

किती वेळ ठेवायचं?
एक कांडी भरायला लागतो तेवढा.
घड्याळ बघायची सवय नाही मला,
हातच मोजतो :
रहाट नाही, सूत नाही,
आणि मनगट मांडीवर आपलं फिरतंय.

आज दिवा मालवावा लागला नाही.
हे आपणहून दारात उभे,
नाक थोडं वर, लहान मुलासारखं.
मग त्यांना झाकणावरचा धोटा दिसला.
वाटलं आता काहीतरी बोलतील, ओरडतील तरी.
पुढं आले, वाकले,
तिरका होता तो सरळ केला,
आणि पाट ओढून बसले.

दोन भाकरी झाल्या. तिसरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले,
"मीठ कमी पडलंय."

मीठ बरोबर होतं.
मी उठले आणि बरणी पुढं केली.

शिवप्पाच्या खापरीत थोडी काढून ठेवलीय,
वर अर्धी भाकरी.
सकाळी देऊन येईन.
रिकामी कशी परत करायची?