पाठिंबा काढताना

सोमवारी, बिझनेस बेच्या एकोणिसाव्या मजल्यावर,
शिबूने भिंतीवर आलेख लावला.
अँड्रॉइड सहा : एक पूर्णांक आठ टक्के.
"एवढ्यांसाठी अजून किती थांबायचं, सुनेत्रा?"

त्याचं काही चुकत नव्हतं.
जुन्या कुलपाच्या किल्ल्या चोरांनीही केव्हाच पाडून घेतल्यात.
नवं काही करायला घेतलं की आधी
या पाहुण्याला चालेल का, हे विचारावं लागतं.
माझ्या खणात एक म्हातारा फोन आहे,
चाचणीपुरता जिवंत.
विरजण लावावं तशी मी त्याला रोज रात्री
न विसरता चार्जरला लावते.
आणि कोडमध्ये सातशे ओळी,
निव्वळ त्याच्या पथ्यपाण्याच्या.
त्या पुसायला मिळाल्या तर मला आनंद होईल.
हे आधीच सांगून ठेवते,
नंतर कुणी हळवी म्हणायला नको.

मग मी तोच आलेख महिन्याऐवजी दिवसांवर पसरला.
महिनाभर आडवी पडलेली रेघ
पगाराच्या दुसऱ्या दिवशी उठून बसते.
चार टक्के. सहा. रात्री दहाला नऊ.
सकाळी परत आडवी.
सरासरीला हे दिसत नाही.
सरासरी रात्री दहाला झोपलेली असते.

शुक्रवारी सोनापूरला गेले.
मुंबईत या नावाच्या ठिकाणी माणूस
चौघांच्या खांद्यावरून एकदाच जायचा.
इथे बसगाड्या भरभरून रोज परत येतात,
खिडक्यांना टेकलेली डोकी, मांडीवर डबे.

खोली दोनशे चौदा. आठ खाटा.
हनीफ मुकादम, मंडणगडचा,
एकोणीस वर्षं शटरिंगचा सुतार.
फोनला मागून रबरबँड,
बॅटरी फुगून झाकण उचललेलं.
"सगळ्यांकडं नवे फोन हायत की.
पण पैसे ह्याच्यावरनंच जातात.
हात बसलाय."

म्हणजे आम्ही एक मोजत होतो
तिथे आठ घरं होती.

उजव्या कोपऱ्यातली काच मेलेली,
आणि आमचं 'पुढे' नेमकं तिथेच.
तो फोन आडवा करतो,
बटण सरकून जिवंत काचेवर येतं, अंगठा टेकतो.
मंडणगड. सिवान. करीमनगर. परत मंडणगड.
हे आडवं होणं आम्ही गेल्या वर्षीच काढणार होतो.
कुणी वापरत नाही म्हणून.
कामाच्या गडबडीत काढायचं राहिलं.

परत येऊन सूचना लिहायला बसले.
इंग्रजीत एक शब्द सहा वर्षं बिनबोभाट वापरला होता,
मराठीत तो हातात येईना.
'पाठिंबा काढत आहोत' : यावर सरकारं पडतात.
'आधार बंद होईल' : हनीफभाई कार्ड शोधत बसतील.
'सेवा खंडित' : हे वीज मंडळाचं.
शेवटी लिहिलं :
'या फोनवरून अजून दोन पगार पाठवता येतील.
मग खोलीतला दुसरा फोन घ्या.
खातं तेच राहील. हात बसेल.'

शिबूने वाचलं. "दोन पगार म्हणजे नक्की कोणती तारीख?"
"ज्या कंपनीचा पगार सगळ्यात उशिरा होतो, तिची."
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
त्याचे वडीलही कधीकाळी याच वाळूत वेल्डर होते,
असं तो एकदाच, दुसऱ्याच कशावरून तरी, बोलला होता.
मग म्हणाला, "तिमाही हुकेल."
आणि तारखेचा रकाना रिकामा ठेवून
बैठक उरकली.

मे महिन्यात ओळी पुसल्या.
आनंद झाला, म्हटलं होतं तसाच,
माळा झाडल्यावर होतो तेवढा.
खणातल्या फोनचा चार्जर काढून घेतला.
सातशेपैकी अकरा ओळी मात्र ठेवल्या,
फोन आडवा झाला तर काय करायचं, त्या.
नव्या फोनांच्याही काचा
कधी ना कधी कोपऱ्यातूनच मरायला लागतात.