कोमट

पेझलीत नोव्हेंबरात दही लागत नाही.
मी पातेलं बॉयलरच्या कपाटात ठेवते,
नीहारच्या जुन्या शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळून.

काल जेवताना तो म्हणाला,
हे लोक येतात आणि रांग मोडतात.
कुठली रांग?
घरांची. दवाखान्याची. सगळीच.
कोण लोक?
त्यानं भात कालवला.
आपण नाही गं, म्हणाला.

आवाज त्याचाच, इथला 'र' घोळवणारा,
पण वाक्यांना दुसऱ्याच कुणाची इस्त्री होती.

वाईट संगत म्हणावं, तर तो खोलीतच असतो.
मासे कसे पकडावेत ते दाखवणारा एक माणूस होता,
निवांत, छान हसायचा,
मलाही दाखवला होता त्यानं एकदा.
गळ टाकता टाकता तोच काहीतरी बोलला असेल,
अकरा सेकंद.
मग तसंच म्हणणारा दुसरा.
मग एक मुलगी, केस विंचरताना.
चमचा चमचा.

विरजण पडतं आणि विरजण लावतात,
शब्द एकच.
उकळत्या दुधाला ते लागत नाही, गारालाही नाही.
करंगळी बुडवून बघायची असते.
एकोणीस वर्षांचं पोर कोमट असतं
आणि मी तेव्हा काउंटरमागे
लोकांच्या गोळ्या मोजत होते.

मी तरी काय,
औषधांच्या दुकानात नोकरी करून
रोज सकाळी मेथीचं पाणी पिते.
कुणी सांगितलं?
सुलूताईनं फोनवर पाठवलं.
तिला कुणी, ते विचारलं नाही.
त्याआधी, जे आत्या म्हणायची ते खरं असायचं,
आत्या म्हणायची म्हणून.

पहाटे तीनला कपाटाचं दार वाजलं.
फोनच्या उजेडात तो पातेल्यात डोकावत होता.
लागलं का गं?
हलवू नकोस, पाणी सुटेल.
न हलवता कळणार कसं?

मला उत्तर आलं नाही.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
कडेला जरा धरलं होतं, मधे दूधच.

हे विरजण कुठलं आपलं?
खालच्या शिरीनकडचं, म्हटलं.
मार्चपासून तेच चाललंय.
ती किती वर्षं रांगेत होती, ते मी बोलले नाही.

हं, म्हणाला.
झाकण ठेवलं त्यानं.
स्वेटरची बाही, सुटलेली,
पुन्हा खोचली.