अत्तर म्हणजे घोडे

तुयारा सांगते, अत म्हणजे घोडा.
आणि खूप घोडे असले तर?
अत्तर.
माझं लाटणं थांबतं.
मंगळबाजारातल्या कुपीतून
खुरं वाजवत निघतात
मोगरा, खस, हिना.

वरच्या खोलीत राहते ती, भाड्याने.
फाइन आर्ट्सला मातीकाम शिकते,
जानेवारीतसुद्धा पंखा लावून झोपते.
भाषेचं नाव साखा. मला आधी शाखा ऐकू आलं.
बर्फाला म्हणतात खार.
मी कडुनिंबावरची खार दाखवली,
तर म्हणाली, ही बरी, वितळत नाही.

अनेकवचनाचा प्रत्यय एकच, लार,
पण ज्याच्या दाराशी जाईल
त्याच्या घरचा होऊन बसतो.
ओघो, मूल; मुलं, ओघोलोर.
ओरोन, पलंग; पलंग पुष्कळ, ओरोन्नोर.
खारचं खारदार. अतचं अत्तर.
ल, न, द, त.
पिठाच्या बोटांवर मोजते मी: चौघेही दंत्य!
तीस वर्षं फळ्यावर संधी सोडवल्या,
उत् अधिक लास, जगत् अधिक नाथ,
कोण कोणात विरघळलं ते खडूने दाखवलं,
आणि हे कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्यात प्रत्यय ताठ असतो, तुयारा.
ला म्हणजे ला.
वाकायचं ते नामाने.
घोडा, घोड्याला. झाड, झाडाला.
सासू तेवढी वाकत नाही: सासूला.
साताऱ्याहून लग्न होऊन मी आले
तेव्हा हे शहरही जरा वाकलं,
बडोदं, बडोद्याला.
निदान व्याकरणात.

रात्री जिन्यात तिच्या आईचा फोन.
पलीकडून एकच शब्द पुन्हा पुन्हा, कीहिम, कीहिम.
कीस म्हणजे मुलगी, ती नंतर सांगते,
(तिची ई घशात, आमच्यापेक्षा खोल)
आणि माझी मुलगी म्हणायचं
तर स दोन स्वरांत सापडतो,
नुसता श्वास उरतो त्याचा.
अपवाद का?
नाही बाई, नियम.

नियम.
खंडेराव मार्केटात रमीलाबेन भेंडी तोलत म्हणते,
हारा छे, लई जाव.
आणि चौथीतला वल्लभ निंबाळकर
उभा राहून वाचायचा,
हांज झाली. हूर्य मावळला.
घरात मराठी, गल्लीत गुजराती,
दोहोंच्या मधे त्याचा स.
मी एकेका ह-खाली लाल रेघ ओढली,
इतकी दाबून की मागच्या पानावर उठली.
शेवटच्या वर्षी वर्गात चार मुलं होती,
मग शाळाच मिटली.
तिथे आता टाइल्सचं दुकान आहे.

वल्लभचं औषधाचं दुकान, छाणीच्या रस्त्यावर.
गिऱ्हाइकांशी मोकळा बोलतो.
मला बघितलं की सावरतो,
बाई, साखर सकाळी तपासली का?
एकेक स इस्त्री केलेला,
शिट्टी वाजेल इतका.

उद्या गोळ्या संपतायत.
ठरवलंय, आत शिरताच मीच विचारीन,
हारु छे ने, वल्लभ?
आरशासमोर म्हणून पाहिलं.
दोनदा. तीनदा.
स-च येतो.