पाणी न देता

कुपवाड एमआयडीसी. रात्रपाळी.
भट्टीत आरगॉन, काटा तेराशे ऐंशीवर,
आत अंगठ्याएवढा तुकडा :
टायटॅनियम, ॲल्युमिनियम, चिमूटभर नायोबियम.

शिकलगार मामूंच्या वडिलांनी
जन्मभर विळ्या-कोयत्यांना पाणी दिलं.
लाल पातं, चर्र, झालं काम.
"ह्याला पानी सोसत न्हाई," मामू म्हणतात,
"तडकतंय. ह्याला येळ द्यायचा निस्ता."

म्हणून आम्ही आच तोडतो, दार उघडत नाही.
हरिपुरात पेवाचं तोंड लिंपून
हळद ठेवायचे, तसं.

उजाडता मी तो कापते, आरसा होईतो घासते.
आम्लाचा थेंब. भिंग.

गेल्या खेपेला साठ अंश कमी होते :
निम्म्या रेघा, निम्मे दाणे.
तो जरा वाकून घ्यायचा.
आज रेघाच रेघा,
दंडोबावरून दिसते तशी नांगरट,
प्रत्येक वावराची तासं निराळ्या दिशेला.
हा वाकायचा नाही. तापात मात्र टिकेल.

मामू चष्मा कपाळावर सरकवून डोकावतात.
"येवढी वाटणी कुनी केली गं?"
तुम्हीच की, मामू.
रात्रभर दाराशी बसून.

ते अजून बघतायत.
"बांध कोरलाय का बग कुनी," म्हणतात.